मतपेटी पोहोचली, न्यायालय राहून गेलं

२००८ पूर्वी मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्ष कसा निवडला जायचा, ते आधी बघू. मजलिस, म्हणजे तिथली संसद, गुप्त मतदान घेऊन एकच नाव पक्कं करायची. मग बेटाबेटांवर मतदान व्हायचं आणि मतदाराने त्या एका नावाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दुसरं नाव मतपत्रिकेवर नसायचंच. पन्नास जणांच्या मजलिसमध्ये आठ सदस्य खुद्द राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. २००५ पर्यंत राजकीय पक्षही नाहीत. न्यायदानातला शेवटचा शब्द राष्ट्राध्यक्षांचा, न्यायाधीश नेमणारेही तेच. मौमून अब्दुल गयूम १९७८ पासून या पद्धतीने सहा वेळा 'निवडून' आले. २००३ मध्ये शेवटच्या खेपेला त्यांना ९० टक्क्यांवर 'हो' मिळाले.

पाचच वर्षांनी हेच गयूम बहुपक्षीय निवडणुकीत हरले आणि मुकाट्याने खुर्ची सोडून घरी गेले. मधल्या काळात ब्रिटन, युरोपीय संघ, राष्ट्रकुल, संयुक्त राष्ट्रं अशा बऱ्याच जणांनी या कामाला हात लावला होता. कुणी दम दिला, कुणी मध्यस्थी केली, कुणी कायद्यांचे मसुदे लिहून दिले, कुणी मतदानाची तांत्रिक बाजू सांभाळली. जगभर मालदीवचं उदाहरण दिलं जाऊ लागलं. आणि पुढे चार वर्षांच्या आत, २०१२ च्या फेब्रुवारीत, निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला राजीनामा देऊन जावं लागलं.

'लोकशाही सुधारणांसाठी परदेशी साहाय्य' हे बातम्यांमधलं जड प्रकरण प्रत्यक्षात कसं चालतं, ते समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. जे काम तारखेला पूर्ण होतं, मोजता येतं आणि अहवालात फोटोसकट दाखवता येतं, ते परकी मदत बऱ्यापैकी करते. जुन्या खुर्च्यांवरून जुनी माणसं उठवायचं काम तिला जमत नाही. बरेचदा ती त्या कामाकडे बघतसुद्धा नाही. मालदीवमध्ये ते न बघितलेलं काम होतं न्यायाधीशांचं.

आधी देशाचा आकार लक्षात घेऊ, कारण पुढचं बरंच काही त्यातून येतं. सुमारे ११९० बेटं, त्यांपैकी वस्तीची दोनशेच्याही आत. २०२२ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या ५ लाख १५ हजारांच्या आसपास भरली आणि त्यात मोठा वाटा बाहेरून आलेल्या कामगारांचा होता. मालदीवचे नागरिक चार लाखांच्या आत. आपल्या एका लोकसभा मतदारसंघात याच्या चौपट-पाचपट मतदार असतात. एवढ्याशा देशात कायद्याची पदवी असलेली, इंग्रजीत अहवाल लिहू शकणारी, कुठल्याच गटाची नसलेली माणसं किती मिळणार? मानवाधिकार आयोगाला हवी तीच माणसं निवडणूक आयोगाला हवी असतात, तीच परदेशी सल्लागारांच्या कार्यशाळेत पहिल्या रांगेत बसलेली असतात, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांचं सत्तेतल्या कुणाशी ना कुणाशी नातं असतं. मोठ्या देशांसाठी तयार झालेला सुधारणांचा आराखडा इथे जसाच्या तसा ठेवला की हे लगेच जाणवायला लागतं.

तुरुंगातून सुरू झालेली गोष्ट

१९ सप्टेंबर २००३ ला माफुशीच्या तुरुंगात इवान नसीम नावाचा १९ वर्षांचा कैदी मारहाणीत मेला. दुसऱ्या दिवशी तिथे उसळलेल्या कैद्यांवर गोळीबार झाला आणि आणखी काहींचा जीव गेला. तुरुंगातले मृत्यू तिथे नवे नव्हते, पण या वेळी आईने मुलाच्या अंगावरच्या खुणा लोकांना दाखवल्या. राजधानी मालेमध्ये दंगल पेटली, सरकारी इमारती जळाल्या. पर्यटनावर जगणाऱ्या देशाची अशी छायाचित्रं पहिल्यांदाच जगभर गेली.

नोव्हेंबर २००३ मध्ये श्रीलंकेत निर्वासित मालदीवी मंडळींनी 'मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टी' स्थापन केली. मायदेशी पक्ष काढायची सोय नव्हती, म्हणून कोलंबोत. तिचा चेहरा मोहम्मद नशीद. नव्वदच्या दशकात लिखाणापायी तुरुंगात गेलेला पत्रकार. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याला 'विवेकबंदी', म्हणजे केवळ मतांपायी डांबलेला कैदी, जाहीर केलं होतं. परकी मदत इथे पहिल्यांदा दिसते, तीही अगदी साध्या रूपात: राहायला जागा, बोलायला व्यासपीठ, नाव विसरू न देणारी एक संघटना. लोकशाहीच्या मदतीतला हा सगळ्यांत स्वस्त प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी लेखला गेलेला.

गयूमही गप्प बसले नव्हते. त्यांच्या सरकारने प्रतिमा सांभाळायला एक आंतरराष्ट्रीय जनसंपर्क कंपनी नेमली होती. म्हणजे बाहेरचे सल्लागार दोन्ही बाजूंना होते, फक्त बिलं वेगळ्या नावाने फाटत होती. जून २००४ मध्ये गयूम यांनी सुधारणांची घोषणा केली, आणि ऑगस्टमध्ये मालेत हजारो लोक जमले तेव्हा आणीबाणी लावून धरपकड केली. युरोपीय संसदेने सप्टेंबरमध्ये ठराव करून मालदीवची मानवतावादी सोडून बाकीची मदत थांबवा आणि बड्या अधिकाऱ्यांच्या प्रवासावर बंदी घाला, अशी मागणी केली.

मदत या शब्दाचा दुसरा अर्थ इथे लागतो. एखाद्या देशाला पैसे देणं ही जशी मदत, तशी 'अमुक केलं नाहीत तर देणार नाही' ही अटसुद्धा सुधारणा मागणाऱ्यांना मदतच असते. मालदीवच्या बाबतीत तिला धार होती, कारण रिसॉर्टमधले पाहुणे मुख्यतः युरोपातून येत. युरोपातल्या वर्तमानपत्रांत तुरुंगातल्या छळाच्या बातम्या आल्या की त्या थेट तिथल्या तिजोरीला झोंबत.

मग २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. शंभराहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, आणि नुकसानीचा आकडा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्क्यांपर्यंत गेला. नियतीचा खेळ असा, की बरोबर सहा दिवस आधी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला 'अल्पविकसित देशां'च्या यादीतून बढती द्यायचं ठरवलं होतं. ती बढती पुढे ढकलावी लागली आणि १ जानेवारी २०११ ला अमलात आली. ही तारीख लक्षात ठेवा. या यादीतून नाव गेलं की अनुदान आणि सवलतीची कर्जं आटत जातात, आणि नव्या लोकशाहीला पैशांची सर्वांत जास्त गरज होती ती याच काळात.

त्सुनामीनंतर गयूम यांना एकदम मोठी मदत हवी होती आणि देणारे दाराशी उभे होते. ऑगस्टमध्ये पकडलेल्यांवरचे खटले वर्ष संपता संपता मागे घेतले गेले. जून २००५ मध्ये मजलिसने राजकीय पक्षांना परवानगी दिली. २००६ मध्ये सुधारणांचा वेळापत्रकासकट आराखडा आला. त्याच वर्षी कोलंबोतल्या ब्रिटिश उच्चायुक्तांच्या निवासस्थानी सरकार आणि विरोधक यांच्यात अनौपचारिक बोलणी झाली. राष्ट्रकुलाने मलेशियाचे माजी उपपंतप्रधान तून मुसा हितम यांना दूत म्हणून पाठवलं. ही निवड शहाणपणाची होती. मुस्लिम देशातला मुरब्बी राजकारणी सांगतोय म्हटल्यावर 'पाश्चात्त्य आपल्यावर लादताहेत' हे पालुपद लावणं अवघड जातं.

प्राध्यापकांचा कायदा

तांत्रिक मदतीचा एक नमुना जरा जवळून बघू. मालदीवचा जुना दंडविधान तोकडा आणि विस्कळीत होता. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने हे काम अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले फौजदारी कायद्याचे प्राध्यापक पॉल रॉबिन्सन यांच्याकडे गेलं. शरियतवर आधारलेला, पण आधुनिक मांडणीचा, व्याख्या स्पष्ट असलेला दंडविधान त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून लिहिला. २००६ मध्ये मसुदा तयार होता.

तो मजलिसमध्ये पडून राहिला. सरकारं बदलली, समित्या बदलल्या. मंजूर झाला २०१४ मध्ये, लागू झाला जुलै २०१५ मध्ये. लिहायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ स्वीकारायला लागला. आणि लागू झाला तेव्हा नशीद कैदेत होते, एका न्यायाधीशाच्या अटकेवरून (ती हकिकत पुढे येईलच) १९९० च्या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली १३ वर्षांची शिक्षा घेऊन. नवा दंडविधान तयार असून ज्या माणसाला तो उपयोगी पडला असता, त्याला शिक्षा जुन्याच कायद्याने झाली.

मी हे मसुद्याला नावं ठेवायला सांगत नाही. काम उत्तमच होतं, असं जाणकार म्हणतात. पण मसुदा देणाऱ्याच्या लेखी काम संपतं ते मसुदा सुपूर्द केल्यावर. देशाच्या लेखी ते तिथे सुरू होतं.

मतदानाच्या बाबतीत मात्र मदत मनापासून कामी आली. ७ ऑगस्ट २००८ ला नवी राज्यघटना मंजूर झाली. पहिली फेरी ८ ऑक्टोबरला. निवडणूक आयोग जेमतेम महिनाभर आधी बसलेला. याद्यांत नावं नाहीत म्हणून केंद्रांवर आरडाओरडा झाला. तरी मतदान पार पडलं. पहिल्या फेरीत गयूम यांना ४० टक्के, नशीद यांना २५ टक्के मतं. २८ ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे नशीद यांच्यामागे उभे राहिले आणि ते सुमारे ५४ टक्क्यांनी जिंकले. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ आयोगाच्या पाठीशी होते, राष्ट्रकुलाचे निरीक्षक केंद्रांवर होते. ११ नोव्हेंबरला शपथविधी झाला.

परक्या मदतीचं उत्तम रूप पाहायचं तर ते या तीन आठवड्यांत पाहावं. काम ठरलेलं होतं, तारीख ठरलेली होती, दोन्ही बाजूंना ते हवं होतं आणि बाहेरचा माणूस बघतोय याची धास्ती सगळ्यांना होती.

दोन वर्षांची मुदत

आता त्या न बघितलेल्या खोलीत जाऊ.

नव्या घटनेत २८५ वं कलम होतं. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: गयूम यांच्या काळात नेमलेले न्यायाधीश सध्या कामावर राहतील, पण दोन वर्षांच्या आत न्यायिक सेवा आयोग प्रत्येकाची पात्रता तपासेल. शिक्षण, अनुभव, सचोटी. जे बसतील ते कायम, जे बसणार नाहीत ते घरी. मुदत ७ ऑगस्ट २०१०.

हे कलम का लागलं? देशात दोनशेच्या आसपास न्यायाधीश होते, कारण वस्तीच्या जवळजवळ प्रत्येक बेटावर दंडाधिकारी लागतो. त्यांतल्या अनेकांकडे कायद्याचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्यांना नेमणारे, बदलणारे, काढणारे सगळे राष्ट्राध्यक्षच. अशा माणसाला एका सकाळी 'आजपासून तू स्वतंत्र' असं सांगितलं, तर तो स्वतंत्र होतो की फक्त त्याला कुणी हात लावू शकत नाही एवढंच होतं? यातला फरक न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याविषयी वापरलेल्या मोठमोठ्या शब्दांत बुडून गेला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी लिआंद्रो देस्पुई यांनी २००७ मध्येच मालदीवला भेट दिली होती आणि न्यायव्यवस्था राष्ट्राध्यक्षांच्या मुठीत आहे, हे दाखवून दिलं होतं. म्हणजे माहिती होती.

न्यायिक सेवा आयोगात न्यायाधीश होते, सभापती होते, खासदार होते, वकिलांचा प्रतिनिधी होता. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या सदस्य होत्या आयशत वेलेझिनी, पूर्वाश्रमीच्या पत्रकार. आयोगाने पात्रतेचे निकष असे काही पातळ केले, की विशिष्ट गुन्ह्यात शिक्षा झालेली नसली म्हणजे चारित्र्य उत्तम. बहुमताचं म्हणणं पडलं, की २८५ वं कलम हे प्रतीकात्मक आहे. मुदत संपायला तीन दिवस राहिले असताना, ४ ऑगस्ट २०१० ला, न्यायाधीशांना घाऊक शपथ दिली गेली. वेलेझिनी भर कार्यक्रमात उभ्या राहून विरोध करू लागल्या, त्यांना गप्प करण्यात आलं. जुने जवळजवळ सगळे न्यायाधीश कायम झाले, निवृत्तीपर्यंत. जानेवारी २०११ मध्ये वेलेझिनी यांच्यावर मालेच्या रस्त्यात दिवसाढवळ्या सुऱ्याने हल्ला झाला. त्या वाचल्या. 'इंटरनॅशनल कमिशन ऑफ जुरिस्ट्स' या संघटनेने पुढच्याच महिन्यात न्यायव्यवस्थेवर गंभीर अहवाल दिला, पण तोवर शपथा होऊन सहा महिने लोटले होते.

दाते देश त्या दोन वर्षांत काय करत होते? कार्यशाळा. न्यायाधीशांसाठी प्रशिक्षण, अभ्यासदौरे, मानवाधिकारांवर व्याख्यानं. त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. कोणता न्यायाधीश राहावा आणि कोणता जावा, यात परक्याने बोललं की ती ढवळाढवळ ठरते, आणि 'न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य' हा तर त्यांच्याच शब्दकोशातला पवित्र शब्द. म्हणून आहेत त्यांनाच शिकवणं हा सोयीचा मार्ग. पण ज्याची पात्रता तपासायची आहे त्यालाच प्रमाणपत्रं वाटली, तर त्याची खुर्ची पक्की करायला आपणही हातभार लावतो, हे लक्षात घ्यायला हवं होतं. निवडणुकीला निरीक्षकांची तुकडी येते, पण न्यायिक सेवा आयोगाच्या बैठकीला कोण निरीक्षक येणार? तिथे टीव्हीवर दाखवण्यासारखंही काही नसतं.

पैशांची बाजूही याच काळात आवळत होती. नशीद सरकारला रिकामी तिजोरी आणि फुगलेला पगारखर्च वारशात मिळाला होता. २००९ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला आणि सरकारी पगार कापायची अट पुढे आली. त्याच वेळी नव्या घटनेप्रमाणे आयोग, परिषदा, कार्यालयं उभी करायची होती. २०११ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या आणि सव्वातीन लाखांच्या देशाला एक हजारावर पगारी नगरसेवक मिळाले. एक दाता सांगतो संस्था उभ्या करा, दुसरा सांगतो माणसं कमी करा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. त्यांची एकमेकांशी गाठ मात्र मालेतल्या अर्थमंत्र्याच्या टेबलावर पडते.

या सगळ्याचा स्फोट जानेवारी २०१२ मध्ये झाला. नशीद यांनी लष्कराकरवी फौजदारी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अब्दुल्ला मोहम्मद यांना अटक करवली. हे न्यायाधीश वादग्रस्त होते, त्यांच्याविरुद्ध तक्रारी पडून होत्या, आणि तक्रारींची दखल घ्यायची ती न्यायिक सेवा आयोगाने. सनदशीर दार बंद होतं हे खरं. पण लोकशाहीसाठी तुरुंग भोगलेल्या माणसाने न्यायाधीशाला बेटावर डांबून ठेवावं, याचं समर्थन मला तरी करता येत नाही. बावीस दिवस निदर्शनं चालली, पोलिसांतला एक गट उलटला, आणि ७ फेब्रुवारीला नशीद यांनी राजीनामा दिला. बंदुकीच्या धाकाने घेतला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. उपराष्ट्राध्यक्ष वहीद खुर्चीत बसले.

परक्यांची तारांबळ इथे बघण्यासारखी होती. भारताने एका दिवसात नव्या राष्ट्राध्यक्षांना शुभेच्छापत्र पाठवलं. राष्ट्रकुलाने चौकशी आयोगात सिंगापूरचे निवृत्त न्यायाधीश घालायला लावले, आणि त्या आयोगाने ऑगस्टमध्ये 'हा उठाव नव्हता' असा निष्कर्ष काढला. नशीद यांच्या माणसांनी तो कधीच मानला नाही. लोकशाहीवर घाला पडला की नाही हेच जिथे ठरत नाही, तिथे अटी घालणारी मदत लुळी पडते.

भारताचं वेगळं गणित

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण भारताची भूमिका युरोपासारखी कधीच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतले भाडोत्री तमीळ लढवय्ये मालेत घुसले, तेव्हा आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले आणि त्यांनी गयूम यांचं सरकार वाचवलं. 'ऑपरेशन कॅक्टस' आपण अभिमानाने सांगतो आणि लष्करी कामगिरी म्हणून ते रास्तच आहे. पण वाचवलं गेलं ते एकाच नावावर 'हो-नाही' घेणारं सरकार. भारताला शेजारी स्थिर हवा असतो. तो लोकशाहीवादी असेल तर उत्तम. हे बोचरं असलं तरी निदान सरळ आहे.

आणि भारताने दिलेली दुसऱ्या तऱ्हेची मदत फारशी कुणाला माहीत नसते. सप्टेंबर २०१३ च्या निवडणुकीला आपले माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह आणि त्यांचे सहकारी निरीक्षक म्हणून गेले होते. त्यांनी आणि बाकीच्या निरीक्षकांनीही मतदान चोख झाल्याचं सांगितलं. पहिल्या फेरीत नशीद ४५ टक्क्यांवर, सर्वांत पुढे. तिसऱ्या क्रमांकाचे कासिम इब्राहिम न्यायालयात गेले, आणि तिथून पुढे मतदारयादी नावाच्या कागदाचं काय होऊ शकतं ते दिसलं.

मालदीवमध्ये घराला क्रमांक नसतो, नाव असतं. माणसांची नावंही थोडीच, तीच तीच फिरतात. एकच नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मालेत स्वतःचं घर नसलेल्यांची नोंद पालिकेच्या एका वेगळ्याच वहीत असते. अशा यादीत खोट काढायची म्हटलं तर बसल्या जागी काढता येते. पोलिसांनी एक गोपनीय अहवाल दिला, त्यात साडेपाच हजारांवर मतं अपात्र ठरवली. निवडणूक आयोगाच्या वकिलांना तो अहवाल दाखवलाही गेला नाही. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी अख्खी फेरी रद्द केली आणि आयोगाला सोळा कलमी नियमावली घालून दिली. उमेदवारांनी यादीवर सही केली पाहिजे, हे त्यातलं एक. १९ ऑक्टोबरला फेरमतदान ठरलं, दोन उमेदवारांनी सही केली नाही, आणि पहाटे पोलिसांनी आयोगाच्या दारात उभं राहून मतपेट्या बाहेर जाऊ दिल्या नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुख नवी पिल्ले यांनी न्यायालय निवडणुकीत नको तेवढा हस्तक्षेप करतंय, असं उघड सांगितलं. न्यायालयाला काही फरक पडला नाही. १६ नोव्हेंबरच्या अखेरच्या फेरीत गयूम यांचे सावत्र भाऊ अब्दुल्ला यामीन ५१ टक्क्यांवर मतं घेऊन जिंकले. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनाच पदावरून दूर केलं. बाहेरच्यांनी पाच-सहा वर्षं खपून ज्या आयोगाला उभं केलं, त्याला ज्या न्यायव्यवस्थेकडे कुणी बघितलं नव्हतं, तिने एका आदेशात खाली बसवलं.

यामीन यांच्या काळात दबावाचीही मर्यादा दिसली. राष्ट्रकुल फार बोलायला लागलं, तर ऑक्टोबर २०१६ मध्ये मालदीव राष्ट्रकुलातूनच बाहेर पडला. पैशांसाठी तोवर चीन होता. माले आणि विमानतळाचं बेट जोडणारा पूल चिनी मदतीने २०१८ मध्ये खुला झाला, आणि चिनी कर्जाच्या करारात न्यायाधीशांची चौकशी कुणी करत नाही. एक सावकार अटी घालतो म्हटल्यावर माणूस दुसऱ्याकडे जाणारच.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अचानक विरोधी नेत्यांना सोडायचा आदेश दिला, तेव्हा यामीन यांनी आणीबाणी लावली आणि सरन्यायाधीशांनाच उचललं. युरोपीय संघाने जुलैमध्ये निर्बंधांची चौकट मंजूर केली: मालमत्ता गोठवता येईल, प्रवास रोखता येईल, नावं नंतर भरू. निवडणुकीला निरीक्षक पाठवायलाही त्यांनी नकार दिला. सप्टेंबरमध्ये ८९ टक्के मतदान झालं आणि इब्राहिम सोली ५८ टक्क्यांनी जिंकले. निर्बंधांची यादी कोरीच राहिली. तिने किती काम केलं, हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. विरोधक एक झाले आणि लोक रांगेत उभे राहिले, हे मुख्य. पण निकाल फिरवायचा विचार करणाऱ्याला लंडन-पॅरिसमधलं बँक खातं आठवलं असेल, तर ते बिनखर्चाचं साहाय्य म्हणायचं.

सोली यांच्या काळात न्यायिक सेवा आयोगाच्या रचनेत बदल झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा दोन महिला न्यायाधीश आल्या, २०२० मध्ये देश राष्ट्रकुलात परतला. काम मार्गी लागतंय असं वाटत होतं.

२०२३ मध्ये 'इंडिया आउट'च्या लाटेवर मोहम्मद मुइझ्झू निवडून आले. निवडणूक नीट झाली, सत्तांतर शांततेत झालं, मतपेटीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाला मजलिसमध्ये प्रचंड बहुमत मिळालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्ष बदलणाऱ्या खासदाराची जागा काढून घेणारी घटनादुरुस्ती एका दिवसात मंजूर झाली. ती न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुनावणी सुरू असतानाच न्यायिक सेवा आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी तीन न्यायाधीशांना निलंबित केलं. एकाने राजीनामा दिला, उरलेल्या दोघांना मे महिन्यात मजलिसने काढून टाकलं. त्या दोघांत २०१९ मध्ये आलेल्या महिला न्यायाधीशांपैकी एक होत्या.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये परकी चलनाच्या टंचाईत सापडलेल्या मालदीवला ४० कोटी डॉलर आणि ३००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची सोय करून दिली होती. न्यायाधीश काढले गेल्यानंतर दोन महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, ४८५० कोटी रुपयांचं कर्जही मंजूर केलं. ते घरं, रस्ते, पाणी अशा कामांसाठी आहे.